हद्दीवरची मोरी

रस्त्याच्या खात्यात मी तेहेतीस वर्षं काढली आणि त्यात एकही रस्ता बांधला नाही. बांधणारे वेगळे. त्यांच्यासाठी नारळ फुटतात, पाट्या लागतात, फोटो निघतात. आमचं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते संपल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही. आधी मी मैलकामगार होतो, नंतर मुकादम झालो, आणि दोन्ही नोकऱ्यांत हातात फावडंच होतं. फरक एवढाच की मुकादम झाल्यावर दुसऱ्याच्या हातातल्या फावड्याबद्दलही बोलणी खावी लागली.

मैलकामगार म्हणजे कोण, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. एका माणसाला रस्त्याचा एक तुकडा नेमून दिलेला असायचा. त्यावरचं गटार उपसणं, कडेच्या साईडपट्टीवर माती ओढणं, झाडी तोडणं, खड्डा दिसला की भरणं, किलोमीटरचे दगड रंगवणं आणि पावसात मोऱ्यांवर नजर ठेवणं ही त्याची कामं. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे जाण्याची वाट. पूल म्हणावा इतकी ती मोठी नसते, त्यामुळे तिला कोणी नाव देत नाही, उद्घाटनाला तर कोणीच येत नाही. पण आमच्याकडचा रस्ता टिकतो तो मोरीच्या जिवावर. डांबर चाकाने फारसं मरत नाही, पाण्याने मरतं. माझ्या पहिल्या मुकादमांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की रस्ता उन्हात बघू नकोस, उन्हात सगळेच रस्ते चांगले दिसतात. पाऊस कोसळत असेल तेव्हा डोक्यावर खोळ घेऊन बाहेर पड आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं ते बघ.

त्यांचं हे सांगणं मी पाळलं. पण पाणी पाहूनही एकदा गप्प बसलो. त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा तुकडा खारेपाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात, जिल्ह्याच्या शेवटच्या गावापर्यंत होता. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत, कारण ती तिथेच राहतात आणि दिवाळी अंक तिथेही जातात. गाव संपलं की एक व्हाळ, म्हणजे ओढा, लागतो. पावसाळा सोडला तर त्यात गुडघाभरही पाणी नसतं. त्या व्हाळाच्या मध्यावर आमचा जिल्हा संपतो आणि पलीकडचा सुरू होतो.

हा रस्ता दोन जिल्ह्यांनी दोन बाजूंनी केला. त्याआधी तिथे बैलगाडीचीही वाट नव्हती, भाताची ओझी डोक्यावरून बाजाराला जायची. आमच्या बाजूने रोजगार हमीवर माती कापून लाल मुरमाचा रस्ता व्हाळापर्यंत आणला आणि तिथेच थांबवला, कारण पुढे आमचं काही नव्हतं. काही वर्षांनी त्यावर खडी आली, रोलर आला, रोलर बघायला मास्तरांनी शाळा सोडली, आणि मग डांबर आलं. पलीकडचा रस्ता वरून उतरत उतरत व्हाळाच्या काठाशी येऊन पोचला आणि मग कधीतरी मध्ये सिमेंटचे नळ टाकून, त्यावर मातीचा भराव करून दोन्ही तोंडं जोडली गेली. ही मोरी नेमकी कोणी घातली यावर कागद गप्प होते. हद्द मध्यावर असल्यामुळे तिचं अर्धं अंग आमचं आणि अर्धं त्यांचं होतं. आमचं डांबर नवं असलं की त्यांचं जुनं असायचं, त्यांचं नवं असलं की आमचं. एसटीत डुलकी लागलेला माणूससुद्धा धक्का बसला की सांगायचा, जिल्हा बदलला.

मोरीपलीकडचं पहिलं घर शेवंताबायचं. तिचं माहेर अलीकडच्या शेवटच्या गावात, माझ्या गावाला लागून, इतकं की दोन्हीकडची माणसं एकमेकांना आपल्याच गावची मानायची. सासर पलीकडे. माहेर एका जिल्ह्यात आणि सासर दुसऱ्यात, पण लग्नात वरात चालत अर्ध्या तासात पोचली होती, असं ती सांगायची. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर शेती तिने एकटीने केली. मुलगा गोव्यात कामाला होता, त्याचा संसार तिकडेच. मोरीच्या खालच्या अंगाला तिचा एक मोठा कुणगा होता, म्हणजे भाताचं खाचर, आणि घरचा वर्षाचा तांदूळ बहुतेक त्या एकाच कुणग्यात पिकायचा.

मोरी घातली गेली तेव्हा शेवंताबाय तिथेच होती. व्हाळ तिरका येतो, पण नळ सरळ टाकले गेले, कारण सरळ टाकायला सोपे. त्यामुळे पाणी नळातून बाहेर पडलं की व्हाळात न जाता थेट तिच्या कुणग्याच्या बांधावर आपटायचं. दर पावसाळ्यात बांध फुटायचा. दरवर्षी ती तो पुन्हा घालायची. मी मुकादम झाल्यावर तिने मला सांगितलं की मोरीच्या तोंडाशी एक भिंत घाल, पाणी वळेल. मी बघतो म्हणालो. पुढच्या वर्षी तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा बघतो म्हणालो. मोरीचं ते तोंड पलीकडच्या अर्ध्यात होतं आणि त्यात हात घालायचा तर दोन ऑफिसांत पत्रं फिरवावी लागणार, याचा मला कंटाळा होता. खरं कारण तेवढंच.

तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा माझ्याबरोबर वरचे साहेब होते. साहेबांसमोर मालवणीत बोलायची मला लाज वाटली असावी. मी तिला म्हणालो, "बाई, ती जागा आमच्या हद्दीत येत नाही. आपण पलीकडच्या कार्यालयात अर्ज करावा."

शेवंताबाय माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वसंता, तू माझ्या म्हायेरचो. तू माका बाई म्हणतंस?"

साहेब गाडीत बसले होते. मीही बसलो. त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. रस्त्यात भेटली तर पदर ओढून घ्यायची आणि कडेने निघून जायची. तिचं बरोबर होतं, हे मला कळत होतं, आणि मी तिच्या घरापर्यंत गेलो नाही.

आषाढाच्या अखेरीस तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी दुपारी मी आणि लवू, आमचा मैलकामगार, मोऱ्या बघत निघालो. लवू कमी बोलणारा आणि कामाला खंबीर. हद्दीवरच्या मोरीशी पोचलो तेव्हा व्हाळ दोन्ही काठ सोडून चालला होता. वरच्या अंगाला एक झाडाचा बुंधा नळांच्या तोंडाशी अडकला होता, त्यावर फांद्या, पेंढा, नारळाच्या झावळ्या. पाणी तिथे तुंबून रस्त्याच्या कडेपर्यंत चढलं होतं. वरून डांबर मात्र जसंच्या तसं, पावसाने धुऊन चकचकीत झालेलं.

मला खटकलं ते खालच्या बाजूचं पाणी. नळातून येणाऱ्या पाण्याचा रंग गढूळ असतो. इथे ते मुरमासारखं लालभडक येत होतं, आणि नळातून नव्हे, नळांच्या आजूबाजूने. म्हणजे पाण्याने भरावातून स्वतःची वाट काढली होती आणि रस्त्याचं पोट वाहून चाललं होतं. मी कडेला उभा राहून हातातली पहार डांबरावर आपटली. भरीव रस्ता ठक्क वाजतो. हा ढोलासारखा वाजला.

मी मागे सरलो. लवूही सरला. खाली काहीच नव्हतं, डांबराची नुसती साय उरली होती. माणूस पळत गेला तर कदाचित पलीकडे पोचला असता. गाडी पोचली नसती.

आमच्या बाजूला आम्ही दगड आणि फांद्या आडव्या टाकून रस्ता बंद केला. फोन दोघांकडे होते, पण त्या खोलगट जागेत रेंज कधीच नसते. ती मिळते वर, सड्यावरच्या मोकळ्या कातळावर, वीस मिनिटांच्या चढणीवर. मी लवूला तिकडे पिटाळलं. आमच्या ऑफिसला सांग, एसटीच्या डेपोला सांग, पलीकडून दुपारची गाडी सोडू नका म्हणावं. तो धावत गेला तेव्हाच मला ठाऊक होतं की गाडी डेपोतून केव्हाच सुटली असणार. त्या दिवशी पलीकडे बाजार होता. बाजारची माणसं आणि कॉलेजच्या मुली घेऊन ती गाडी साधारण अर्ध्या तासात वळणावर येणार होती. वळणावरून मोरी दिसते, पण दिसणार होता तो धुतलेला काळा रस्ता.

पलीकडे थांबवायला कोणी नव्हतं. तिकडचा मैलकामगार निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी माणूस यायचा होता. फिरून जायचं तर वीस-बावीस किलोमीटर. पाण्यातून जाणं अशक्य होतं.

मग मला खाली कुणग्यात शेवंताबाय दिसली. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन, वाकून, फुटलेल्या बांधावर चिखल आणि दगड टाकत होती. आमच्यात पंचवीस-तीस पावलांचं अंतर असेल, पण पाण्याचा घोष असा की माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मी लाल फडकं हलवलं. हातवारे केले. तिने मान वर केली आणि मला बघितलं. मी जोरजोराने वळणाकडे बोट दाखवलं, मोरीकडे दाखवलं.

तिने पदर कमरेला खोचला आणि पाठ फिरवली.

मला त्या क्षणी राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. दोन वर्षांपूर्वी जो माणूस गाडीत बसून निघून गेला, तो आज तिच्या फुटलेल्या बांधाकडे बघून फडकी हलवत होता. तिला काय वाटलं असेल?

मी दगड उचलून तिच्या दिशेने टाकले. ते पाण्यात पडले. ती पुन्हा वळली ती चिडूनच. मी तिला हात जोडले. मग तिथेच ओल्या डांबरावर गुडघे टेकले आणि हात जोडून राहिलो. ती थांबली. माणूस काहीतरी वेगळं सांगतोय, एवढं तिला उमगलं असावं, पण काय ते कळत नव्हतं. ते दाखवायचं कसं, हे मलाही कळेना. हातात पहार होती. मी उठलो, पाच-सहा पावलं मागे गेलो आणि होती नव्हती ती ताकद लावून पहार मोरीच्या मध्यावर फेकली.

पहार टोकावर पडली आणि डांबरातून आरपार गेली. तिच्यामागून घमेल्याएवढा तुकडा आत कोसळला. काळ्या रस्त्यात एक भोक उरलं.

शेवंताबायने ते पाहिलं. तिने माझ्याकडे बघितलं, भोकाकडे बघितलं, आणि मग वळणाकडे. हातातला दगड टाकून ती चिखलातून रस्त्याकडे निघाली. कुणग्यातून रस्त्यावर यायला चढ आहे, निसरडा. दोनदा ती हातांवर पडली. रस्त्यावर पोचली तेव्हा गाडी वळणावर आली होती.

पुढचं सगळं मी नुसतं पाहिलं. ऐकू काहीच आलं नाही. शेवंताबाय रस्त्याच्या मधोमध गेली आणि मांडी घालून बसली. गाडी उतारावरून खाली आली, दिवे दोनदा लागले-विझले, आणि तिच्यापासून दोन हातांवर थांबली. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि हात हलवून बोलू लागला. ती हलली नाही. कंडक्टर उतरला, तिच्या दंडाला धरून उठवू लागला. तिने उलट त्याचाच हात धरला आणि मोरीकडे बोट केलं. तो तिचा हात सोडवून बघायला पुढे निघाला. तिने मागून त्याचा शर्ट पकडला, दोन्ही हातांनी, आणि त्याला मागे ओढलं.

तेवढ्यात रस्ता खाली गेला. फार मोठा आवाज झाला असेल. मला फक्त इतकं दिसलं की आधी काळं होतं तिथे लाल पाणी आलं. माझ्या बाजूची कडही खचली, मी मागे पळालो. पुन्हा वळून बघितलं तेव्हा गाडीतली माणसं उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती आणि शेवंताबाय अजून तिथेच बसलेली होती.

ती ड्रायव्हरला काय म्हणाली ते मला नंतर त्या गाडीतल्या माणसांकडून कळलं. "गाडी माझ्या आंगावरसून घाल," असं ती म्हणाली होती, "पण फुडे जाव नको."

दोन दिवसांनी पाऊस उघडल्यावर मी हायवेने फिरून, पुढे तासभर चालत तिच्या घरी गेलो. ती घरात नव्हती. कुणग्यात होती. कुणगा आता ओळखू येत नव्हता. मोरीचा सगळा भराव, दगड, फुटके नळ, अडकलेला तो बुंधा, सगळं तिच्या भातावर येऊन पडलं होतं. लावणी होऊन पंधरा दिवस झाले होते. एका कोपऱ्यात मूठभर हिरवं शिल्लक होतं. शेवंताबाय एकेक गोटा उचलून मेरेवर, म्हणजे कुणग्याच्या बांधावर, ठेवत होती. मी जवळ गेलो आणि म्हणालो की बाय, तुझ्यामुळे चाळीस माणसं वाचली.

तिने हातातला गोटा ठेवला. "माणसा वाचली ता बरा झाला," ती म्हणाली. "माझो कुणगो मातर गेलो, वसंता."

दोन वर्षांनी तिने माझं नाव घेतलं होतं. मी तिच्या शेजारी वाकून गोटे उचलायला लागलो. तिने नको म्हटलं नाही.

पुढे ऑफिसात माझं कौतुक झालं. शाल-श्रीफळ ठरलं, तिलाही बोलावणं गेलं. ती आली नाही. शाल घेऊन काय करू, कुणग्यात घालू का, असा तिने निरोप पाठवला. मला शाल मिळाली, प्रशस्तिपत्र मिळालं, आणि सरकारी पहारेचं काय झालं याचा खुलासा तीनदा लिहून द्यावा लागला.

मग नव्या मोरीसाठी दोन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांची एकत्र पाहणी ठरली. आमच्याकडून एक तरुण इंजिनियर मॅडम आल्या होत्या, नोकरीला दोन-तीन वर्षं झालेल्या. पलीकडून दोन साहेब. गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला होता. जुन्या जागी तशीच, सरळ मोरी घालायची, लवकर होईल, असं बहुतेक ठरत आलं होतं. शेवंताबाय मेरेवर उभी राहून ऐकत होती. मॅडमनी सहज विचारलं की या मोरीबद्दल आधी कुणाची काही तक्रार होती का. दोन्हीकडच्या कारकुनांनी फायली चाळून सांगितलं, काही नाही.

ते खरंच होतं. तिने कागद कधी दिलाच नव्हता. तिने मला सांगितलं होतं, आपल्या माहेरच्या माणसाला, आणि तेवढं पुरेल अशी तिची समजूत होती. मी गप्प राहिलो असतो तर कोणालाही कळलं नसतं. माझं प्रशस्तिपत्र महिन्याभरापूर्वीचं होतं. मुलीचं लग्न ठरत होतं, पगाराच्या वरच्या श्रेणीची यादी लागायची होती. मी शेवंताबायकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पाण्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "तक्रार होती, मॅडम. तीनदा. माझ्याकडे केली होती. मी वर कळवली नाही."

मग मॅडमनी विचारलं, "लिहून द्याल?"

तिथेच बॉनेटवर लिहून दिलं. अक्षर वाईट आलं. कागद घेऊन मॅडम शेवंताबायकडे गेल्या आणि तक्रार नेमकी काय होती असं त्यांनी तिलाच विचारलं. शेवंताबाय खाली बसली, एक काटकी घेतली आणि चिखलात व्हाळ काढला. "पाणी सरळ येणा नाय," ती म्हणाली. "ता हयसून येता, त्या फातरार आपाटता आणि मगे वळता. तुमी नळ सरळ घातलास, आता ता वळतला खंय?" मॅडम साडी सावरून तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. आषाढात पाणी किती चढतं, भादव्यात किती, बुंधे कुठून वाहून येतात, असं एकेक विचारत गेल्या आणि वहीत उतरवत गेल्या. पलीकडचे एक साहेब आधी घड्याळ बघत होते. मग तेही वाकले.

मॅडमनी मला नंतर सांगितलं की माझा तो कागद नसता तर जागा आणि आराखडा बदलायला त्यांना कारण दाखवता आलं नसतं. फायलीत तक्रार आली म्हणून बदल मंजूर झाला. पलीकडच्या ऑफिसने संमती दिली, काम आमच्या ऑफिसने केलं. मला मात्र कारणे दाखवा नोटीस आली आणि शेवटी लेखी ताकीद मिळाली. माझ्या सेवापुस्तकात एकाच मोरीबद्दलची शाबासकी आणि ताकीद शेजारीशेजारी आहेत. पगाराची वरची श्रेणी एक वर्ष लांबली. बायको चिडली, आणि मग तिनेच पहिल्या रविवारी आम्हाला डबा बांधून दिला.

कारण रविवारी आम्ही शेवंताबायच्या कुणग्यातला भराव उपसायला जायला लागलो होतो. मी, लवू आणि आमच्या रस्त्याच्या गँगमधले चौघे. कोणी सांगितलं नव्हतं. थंडीचे सात-आठ रविवार लागले असतील. शेवंताबाय मेरेवर उभी राहून आमचं काम बघायची आणि चुका काढायची. आमच्या साहेबांनी कधी केली नसेल इतकी कडक तपासणी तिने केली. त्या कुणग्यातून निघालेले चांगले दगड नव्या मोरीच्या भिंतीला लागले. मोरी तिरकी झाली, व्हाळ चालतो तशी, आणि खालच्या अंगाला पाणी वळवणारी भिंत आली. पुढच्या आषाढात मी खोळ घेऊन तिथे उभा राहिलो. पाणी भिंतीला टेकलं, वळलं आणि व्हाळात गेलं. खाली शेवंताबाय भातातलं तण बेणत होती. तिने एकदाही मान वर केली नाही.

या जूनच्या अखेरीस मी निवृत्त झालो. निरोपाची भाषणं झाली, पुन्हा एक शाल झाली. आठवड्याभराने माझ्या घरी एक अनोळखी गृहस्थ आले. साठीचे, उंच, बोलणं घाटावरचं. म्हणाले, तुम्ही मला ओळखणार नाही, आपण एकदाच भेटलोय आणि तेही बोलता आलं नव्हतं. ते त्या गाडीचे ड्रायव्हर होते. त्या घटनेनंतर त्यांची बदली घाटावर झाली होती आणि तेही आता निवृत्त झाले होते. इतक्या वर्षांत या बाजूला यायचं राहून गेलं, याची त्यांना खंत होती. मला त्या बाईंना एकदा भेटायचं आहे, म्हणाले.

आम्ही दोघे दुपारच्या एसटीने गेलो. लावणीचे दिवस होते. शेवंताबाय आता सत्तरीची झाली आहे, पण कुणग्यात होती, तीन बायकांबरोबर वाकून तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावत होती. ड्रायव्हर मेरेवर उभे राहिले. वाटेत त्यांनी बरंच बोलायचं ठरवलं असावं. "मावशी, मी त्या दिवशीचा ड्रायव्हर," एवढंच म्हणाले आणि पायातल्या चपला काढून हात जोडून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते.

शेवंताबायने पाठ सरळ केली आणि त्यांना नीट निरखलं. "माका गाळी घातलंस तो तूच मां?"

ड्रायव्हरनी मान हलवली.

"मगे उभो काय रवलंस?" ती म्हणाली आणि तरव्याची एक जुडी त्यांच्या हातात दिली. दुसरी माझ्या हातात. "येवा दोघव खाली. दीस मावळाच्या आदी ह्यो कुणगो पुरो व्हवक होयो."

पॅन्ट गुडघ्याच्या वर दुमडून आम्ही चिखलात उतरलो. ड्रायव्हर घाटावरचे, ऊस लावलेले. भात लावण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. मी लहानपणी लावलं होतं, पण तेहेतीस वर्षांत हात विसरला होता. बायका आमच्याकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून एक ओळ पुरी केली. ती सापासारखी वाकडी झाली होती. शेवंताबाय तिच्याकडे बघून म्हणाली की ही उद्या उपटून परत लावावी लागणार.

गेल्या महिन्यात, भात पिकायला आलं तेव्हा, मी तिकडे गेलो होतो. मेरेवरून कुणगा बघितला. बाकीच्या सगळ्या ओळी सुतात होत्या. मध्ये आमची ओळ होती, वाकडीच्या वाकडी, आणि तिच्या लोंब्या भाराने वाकल्या होत्या. शेवंताबायने ती उपटली नव्हती.